फलाट बदलण्याआधी

मागच्या सुट्टीत मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर द्यायला मला चार महिने लागले. "पप्पा, पुढच्या वर्षी पेन्शनवर येताय. आता तरी तुम्ही आयफोन घ्या ना!" ती पुण्यात नोकरी करते. तिच्याकडे आयफोन, तिनंच गेल्या दिवाळीत आईला घेऊन दिलेला दुसरा आयफोन. घरात अँड्रॉइडवाला मी एकटा. तिच्या भाषेत हे "प्लॅटफॉर्म बदलणं". आम्हा फौजी लोकांना प्लॅटफॉर्म म्हटलं की ट्रंक, होल्डॉल आणि ऐन वेळी झालेली घोषणा आठवते. गाडी अमुक नंबरवर येणार नाही, तमुक नंबरवर येईल. मग सामान उचलून पुलावरून पळायचं, आणि त्या पळापळीत काहीतरी हमखास मागे राहतं.

मला भीती होती ती या मागे राहण्याचीच. माझ्या फोनमध्ये आईचा आवाज आहे. आईला लिहिता येत नव्हतं, जेमतेम सही करायची. २०१७ मध्ये धाकट्या भावाच्या पोरानं तिला व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून बोलायला शिकवलं आणि तिथून पुढं चार वर्षं ती मला आवाजी निरोप पाठवत राहिली. म्हैस व्याली, पाऊस झाला, तुझ्या बायकोची तब्येत बरी आहे, काळजी करू नको. २०२१ च्या मे महिन्यात ती गेली. मी गावी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

त्यामुळे नवा फोन चांगला की जुना, हा प्रश्न माझ्यासाठी दुसऱ्या नंबरचा. मी सिग्नलचा माणूस. निरोप पोचवणं हीच सव्वीस वर्षांची रोजीरोटी. निरोप पोचतो, पण तो टिकतो का, हे मात्र ड्यूटीवर कुणी विचारत नाही. ते घरी विचारतात.

आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांची इनलँड पत्रं अजून माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत आहेत. वर केअर ऑफ ५६ एपीओ, आत निळ्या शाईतलं किरटं अक्षर. कडेकडेनं वाळवीनं थोडं खाल्लंय, पण वाचायला डोळ्यांखेरीज काही लागत नाही. तारेची गोष्ट वेगळी. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रयोगाची तार सुरू झाली आणि १५ जुलै २०१३ पासून ती सेवा बंद झाली. फौजी घरात तार आली की वाचायच्या आधी रडारड सुरू व्हायची. उलट बाजूनं, "आई सिरियस, लवकर ये" ही तार कित्येकांना सुट्टी मिळवून देत असे. त्यातल्या किती आया खरंच आजारी होत्या हे जुन्या पेन्शनर मंडळींनी मनात आणावं आणि गालात हसावं. तार बंद झाली तेव्हा पेपरात बातम्या आल्या, शेवटच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून एकमेकांना तारा केल्या. निदान निरोप देऊन गेली. मोबाइलचे प्लॅटफॉर्म असे जात नाहीत.

मी १९९८ ला भरती झालो तेव्हा एसटीडी बूथची रांग होती. मग मोबाइल आले. जम्मू-काश्मीरमध्ये मोबाइल सेवा २००३ साली सुरू झाली, म्हणजे बाकी देशाच्या बरीच मागून. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, त्यामुळे बदली झाली की सिम बदलायचं. पण हँडसेट तोच राहायचा. बॅरेकमध्ये तेव्हा नोकियाचं राज्य होतं. २००३ चा नोकिया ११००, डोक्यावर टॉर्च, रबरी कीपॅड, धूळ आत जाऊ न देणारा. जगभरात हा फोन पंचवीस कोटींच्या वर खपला. रात्री उठून बाहेर जायचं तर तोच टॉर्च. मग पैसे हातात खेळू लागले तसे काहींनी मोठे नोकिया घेतले, सिम्बियनवाले. आपण एखाद्या "प्लॅटफॉर्म"वर उभे आहोत हे त्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलोप यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना एक लांब पत्र लिहिलं आणि ते फुटून जगभर झालं. उत्तर समुद्रात तेल काढायच्या फलाटाला आग लागली आहे, वर राहिलं तर जळून मरायचं, खाली उडी मारली तर बर्फासारखं पाणी. तो माणूस उडी मारतो. आपला प्लॅटफॉर्मही पेटलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं निदान खोटं नव्हतं. २००७ मध्ये आयफोन आला होता, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन, आणि सिम्बियन दोघांपुढं थकलेलं दिसत होतं. मग ११ फेब्रुवारीला जाहीर झालं की नोकिया मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर जाणार.

आता मी काही कंपन्या चालवलेल्या नाहीत. पण माघार कशी घ्यायची हे आम्हाला शिकवलेलं असतं. नवी पोझिशन खोदून तयार झाल्याशिवाय जुनी सोडायची नाही, आणि सोडतोय हे ओरडून तर मुळीच सांगायचं नाही. नोकियानं फेब्रुवारीत जुनी पोझिशन जळाली म्हणून सांगितलं आणि नवे लुमिया फोन बाजारात यायला वर्षाचा शेवट उजाडला. मधल्या काळात सिम्बियन फोन कुणी का घ्यावा? पुढं जून २०१२ मध्ये आणखी एक घाव बसला. मायक्रोसॉफ्टनं विंडोज फोन ८ जाहीर केलं आणि सांगितलं की आधीच्या लुमियांना ते मिळणार नाही. म्हणजे ज्यांनी विश्वासानं पहिली उडी मारली, त्यांना सहा महिन्यांत पुन्हा पाण्यात. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं, ५४४ कोटी युरोंना. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवसुलीच्या वादात अडकल्यानं त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. आज त्याच श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन बनतात. जमीन तीच, फलाट दुसरा.

ब्लॅकबेरीचं थोडक्यात सांगतो, कारण तो साहेब लोकांचा फोन होता, आमच्या हातात आलाच नाही. २०१० मध्ये त्याचे कुलूपबंद निरोप वाचता यावेत म्हणून आपल्या सरकारनं कंपनीला ३१ ऑगस्टची मुदत दिली होती, इतका त्याचा दरारा. ४ जानेवारी २०२२ पासून त्याच जुन्या ब्लॅकबेरींच्या सेवा कंपनीनं बंद केल्या आणि साधा कॉलसुद्धा भरवशाचा राहिला नाही.

पण आपल्यासारख्यांचा फोन खऱ्या अर्थानं मरतो तो व्हॉट्सॲप निघून गेल्यावर. ब्लॅकबेरीवरून ते २०१७ च्या अखेरीस गेलं, विंडोज फोनवरून २०१९ च्या अखेरीस. हँडसेट धडधाकट, बॅटरी ठीक, काचेला चरा नाही, आणि गावाकडचा एक माणूस त्यात सापडत नाही. चौकी शाबूत आहे पण रसद तुटलेली, असा प्रकार.

इथं माझी स्वतःची एक चूक सांगायलाच हवी. आबा शेवटच्या वर्षांत एसएमएस करायला शिकले होते. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक शब्द जोडून, उत्तर हवं असलं की शेवटी तीन प्रश्नचिन्हं. ते २०१२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी सुट्टीवरून परतताना, गाडीला दोन तास असताना, मी एका दुकानात जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला. दुकानदारानं नंबर नव्या फोनमध्ये घालून दिले. मेसेज फोनच्याच पोटात होते हे मला गाडी सुटल्यावर आठवलं. साडेसहाशे रुपये कमी लागले होते मला त्या फोनला. कंपनीचा दोष नाही, दुकानदाराचाही नाही. सिग्नलचा माणूस असून मी विचारलं नाही. ट्रंकेतली १९७० च्या दशकातली पत्रं आहेत, २०११ चे मेसेज नाहीत.

म्हणून मुलीला मी आधी एकच विचारलं: आतलं बाहेर कसं येतं? ती म्हणाली, "सगळं येतं पप्पा, आता ट्रान्सफर होतं." खरं आहे, पण हे "आता" फार जुनं नाही. आपला नंबर एका कंपनीतून दुसरीकडे न्यायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून तर राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला, आणि आमच्यासारख्या दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांना तो मोठाच दिलासा होता. हे नियमानं झालं, कंपन्यांना करावं लागलं. निरोपांचं तसं नव्हतं. व्हॉट्सॲपच्या गप्पा आयफोनवरून काही सॅमसंग फोनवर नेता येऊ लागल्या २०२१ मध्ये, आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर २०२२ मध्ये. त्यातही अट आहे. आयफोन कोरा असला पाहिजे, नवा किंवा पुसून नव्यासारखा केलेला. गुगल ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप आयफोनवर उघडत नाही. म्हणजे आधी आयफोन वापरायला लागून मग सावकाश जुनं आणू म्हणणारा फसला.

बाकीचा हिशेबही मी मांडला, उगाच हट्ट नको म्हणून. अपडेट जास्त वर्षं मिळतात हा आयफोनचा मोठा गुण, आणि तो खराच होता: २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ चं आयओएस १५ मिळालं. पण आता गुगलनं पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं एस २४ ला सात वर्षांचं वचन दिलंय, तेव्हा तो फरक महागड्या फोनांपुरता तरी राहिला नाही. थंडीचं म्हणाल तर ॲपल स्वतःच आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगतं. लेहच्या हिवाळ्यात कुठलाही फोन असो, तो छातीशी आत ठेवावा लागतो, आणि आता मला हिवाळा माणमधला काढायचाय.

सुरक्षेवरून आमच्यात वाद झाला. आयफोन जास्त सुरक्षित, असं ती म्हणते. असेल. पण २०२० च्या जुलैत आम्हाला ८९ ॲप काढायला सांगितली गेली, त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर होती, आणि हुकूम दोन्ही प्रकारच्या फोनवाल्यांना सारखाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लष्करानं स्वतःचं "साई" नावाचं निरोपाचं ॲप जाहीर केलं, तेही अँड्रॉइडसाठी. जवानांच्या खिशात काय आहे ते करणाऱ्यांना माहीत असणार. फोनपेक्षा तो हातात धरणारा जास्त बोलतो, हे मी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही प्रत्येक गोष्ट लेक्चरवर नेता."

या सुट्टीत मी कामाला लागलो. युनिटमध्ये पेन ड्राइव्हचं नावही काढायचं नसतं, म्हणून हे घरीच करायचं होतं. अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप एका फोल्डरात साध्या फाइल म्हणून पडलेले असतात, वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांनी. अडचण एवढीच की सगळ्यांचे एकत्र. आई, युनिटचे मित्र, गणपती मंडळ, एका नायब सुभेदार साहेबांची रोजची पाच मिनिटांची भक्तिगीतं. फाइलीच्या नावात तारीख असते, माणूस नसतो. तीन रात्री मी एका बाजूला आईच्या गप्पा उघडून तारखा पाहिल्या आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवर फाइली वेगळ्या केल्या. बायको दोनदा उठून पाहून गेली, बोलली काही नाही. १४३ निघाल्या. दोन पेन ड्राइव्ह केले, एक ट्रंकेत आबांच्या पत्रांजवळ ठेवला.

एवढं झाल्यावर माझा आयफोनला विरोध असा राहिला नाही. तरी घेत नाहीये. हा फोन अजून दोन वर्षं चालेल, आणि फाइली अशा हाताने उचलून बाहेर काढता येतात हे मला आवडलंय. दोन वर्षांनी पुन्हा बघू. मुलीला फोन करून सांगितलं. वाटलं होतं, वाद घालेल. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दुसरा पेन ड्राइव्ह मला द्या."

तिनं त्या सगळ्या फाइली कुठल्याही फोनवर वाजतील अशा करून भावाला, आत्याला पाठवल्या. पहिली एकोणीस सेकंदांची आहे. त्यातले निम्मे सेकंद आई नुसतं विचारतेय, "चालू झालं का रं हे?"