आपली खोली कुठली?

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी आमच्या मंडळाच्या अकराजणी फोर्टातील एका झोकदार उपाहारगृहात 'ब्रंच'ला गेलो. ब्रंच म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण यांची मोट. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने हा शब्द छापून आणला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांनी रविवारी उशिरा उठून दोन्ही एकदमच उरकावे, अशी त्याची शिफारस. आम्ही मात्र पहाटे उठून, घरच्यांचा स्वयंपाक झाकून ठेवून आलो होतो!

दारातच आमच्या थोरल्या वन्सं थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आपली खोली कुठली गं?"

क्षणभर मला उमगेना. मग गिरगावातले इराण्याचे हॉटेल डोळ्यांपुढे आले. १९६८ साली लग्न होऊन आले, तेव्हा वन्सं आणि त्यांचे यजमान मला तेथे घेऊन गेले होते. बाहेर संगमरवरी टेबले, वर्तमानपत्रे चाळणारे पुरुष. यजमान पुढे, आम्ही दोघी मागे, थेट 'फॅमिली रूम'मध्ये. लाकडी फळ्यांचा आडोसा, त्याला पडदा. काय मागवायचे ते यजमानांनी सांगितले, पैसेही त्यांनीच दिले. त्या खोलीला नावे ठेवायला मात्र मी तयार नाही. घराबाहेरचा पहिला चहा कित्येक सुनांना तिच्यामुळेच मिळाला.

हे पडदे आपल्याकडचेच, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पण १८६८ साली चार्ल्स डिकन्स न्यूयॉर्कला आले, तेव्हा तेथील पत्रकारांच्या क्लबाने डेल्मॉनिकोज या बड्या उपाहारगृहात त्यांना मेजवानी दिली. जेन कनिंगहॅम क्रोली या स्वतः नावाजलेल्या पत्रकार. त्यांनी तिकीट मागितले, तर नकार! पुढे तडजोड निघाली, ती बायकांनी पडद्याआड बसण्याची. क्रोलीबाईंनी ती झिडकारली आणि मैत्रिणी जमवून 'सोरोसिस' हे महिलामंडळ काढले. सोबत पुरुष नसलेल्या बाईला वाढायचे नाही, असा तेव्हा बड्या हॉटेलांचा शिरस्ता होता. तरीही २० एप्रिल १८६८ रोजी या मंडळाच्या भगिनी त्याच डेल्मॉनिकोजमध्ये, एकही पुरुष बरोबर न घेता, जेवल्या. तुमच्याआमच्यासारखे मंडळ एका जेवणाच्या मानापमानातून निघाले, याची मला मोठी गंमत वाटते.

म्हणून सारी दारे उघडली असे नव्हे. १९०७ साली हॅरियट स्टॅन्टन ब्लॅच यांना त्याच शहरातल्या हॉफमन हाउस हॉटेलने याच कारणाने परतवले. त्यांनी फिर्याद केली आणि त्या हरल्या. १९६९ साली प्लाझा हॉटेलच्या ओक रूममध्ये दुपारी बायकांना मज्जाव होता. बेटी फ्रीडन मैत्रिणींसह जाऊन बसल्या, तर वेटरांनी पुढ्यातले टेबलच उचलून नेले!

मी स्वतः एकटीने हॉटेलात चहा घेतला तो जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवारमध्ये. उषा खन्ना यांनी ते १९६४ साली सुरू केले होते. २०१५ साली ते बंद झाले, तेव्हा फार चुटपुट लागली.

असो. वन्संना आम्ही खिडकीजवळ, भर दालनात बसवले. पहिली दहा मिनिटे त्या भिंतीकडे तोंड करूनच होत्या. नंतर ऑम्लेट आले, मग पॅनकेक आले, आणि खुर्ची आपोआप वळली.

शेवटी बिल आले. त्यांना पायऱ्या चढवायला आमच्या खजिनदारबाईंचा सोळा वर्षांचा नातू आला होता. वेटरने बिलाचे पाकीट अदबीने त्याच्यापुढे ठेवले. पोरगा बावरला. वन्संनी हात लांब करून ते ओढून घेतले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवीत वाचू लागल्या.

"संत्र्याचा रस दोनदा लावलाय," त्या म्हणाल्या. खरोखरच लावला होता.