लाकडी रंगाचं किचन करताय? आधी सिंकखालची जागा बघा

छत्रपती संभाजीनगर : किचनला सागवानी किंवा अक्रोडी रंग द्यायचा म्हटलं की आधी खर्चाचा विचार होतो. पैसे वाया जातात ते मात्र पाण्यामुळे. सिंकखाली पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ लावला आणि कडेतून पाणी शिरलं, की तो फुगतो. एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही, वरची सनमायका कितीही भारी असो.

ओट्याखाली 'आयएस 710' शिक्क्याचा प्लायवूड घ्यावा. या मानकाच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतो. कापलेल्या सगळ्या कडांना पट्टी लावून घ्या, आतल्या बाजूच्याही. सुतार नेमकी तीच राहू देतात.

वरून सनमायका म्हणजे 'नकली लाकूड' असं नाक मुरडण्याचं कारण नाही. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात तर दगडातच लाकडी छताच्या फासळ्या कोरल्यात, म्हणून त्याला 'सुतार का झोपडा' म्हणतात.

खरं लाकूड कोरड्या जागी शोभतं: देव्हारा, मांडणी, दाराची चौकट. पैठणसारख्या जुन्या गावांत माळवदाचा वाडा उतरवला की सागवानी तुळया, खांब निघतात. हे लाकूड मुरलेलं असतं, नव्या ओल्या लाकडासारखं आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडकत नाही. मात्र तुळईची भिंतीत गाडलेली टोकं ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर वाळवी किंवा कूज असू शकते. तेवढा भाग कापूनच भाव करा. रंधा मारण्याआधी खिळे काढायला विसरू नका.

पॉलिशचं म्हणाल तर फोडणीच्या तेलकट धुरापुढे मेलामाइन किंवा पीयू टिकतं, ओल्या फडक्याने पुसलंही जातं. जवसाच्या तेलाने रंग सुंदर, उबदार येतो, पण ते गॅसपासून लांबच्या लाकडालाच बरं. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागेत पसरून वाळवा.

आणि रंगाचा नमुना दुकानातल्या पांढऱ्या उजेडात ठरवू नका. तुकडा घरी आणा, रात्री स्वतःच्या किचनच्या दिव्याखाली धरा, मगच ऑर्डर द्या.