पालथा झिबिस्को

आमच्या घरात झिबिस्को हा माणूस फक्त पडण्यासाठी जन्माला आला होता. माझे चुलत आजोबा, ज्यांना सगळं घर तात्या म्हणायचं, रात्रीची जेवणं झाली की सोप्यात बसून गामा पैलवानाची गोष्ट काढायचे. त्या गोष्टीत झिबिस्को दोनदा यायचा. पहिल्यांदा १९१० साली लंडनला, पालथा पडलेला. दुसऱ्यांदा १९२८ साली पतियाळ्याला, उताणा पडलेला. मधली अठरा वर्षं तो कुठं होता, कुणाशी लढत होता, काय खात होता, याच्याशी आम्हा पोरांना काही देणंघेणं नव्हतं. पतियाळ्याची कुस्ती किती वेळ चालली हे तात्यांच्या मूडवर ठरायचं. एरवी एक मिनिट, खुशीत असले की दहा सेकंद, आणि घरात पाहुणे असले की सलामीतच निकाल.

मी मुलगी. तालमीचा उंबरा ओलांडायची सोय नव्हती, तेव्हा लाल माती, हौदा, जोर-बैठका, थंडाई हे सगळं माझ्यापर्यंत आलं ते तात्यांच्या तोंडून. आणि तात्यांकडे आलं ते त्यांच्या वस्तादांकडून. त्या वस्तादांनी पोरवयात खासबागेत इमामबक्षची कुस्ती पाहिली होती म्हणे. शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान कोल्हापुरात हवं हे त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ साली खासबागेचं मैदान सुरू झालं ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्या कुस्तीनं. इमामबक्ष हा गामाचा सख्खा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी तो गामाबरोबर लंडनला होता आणि तिथं त्यानं जॉन लेम या स्विस मल्लाला हरवलं होतं. लंडनची हकीकत कोल्हापुरात वर्तमानपत्रातून आली असेलही, पण आमच्या तालमीत ती मातीतूनच आली.

ती हकीकत अशी. गामा लंडनला गेला तेव्हा त्याची उंची आणि बांधा पाहून तिथल्या लोकांनी त्याला मोजलंच नाही. मग त्यानं जाहीर आव्हान दिलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्यानं दोनदा चीत केलं, तेव्हा कुठं त्याला १० सप्टेंबर १९१० ला झिबिस्कोसमोर उभं केलं. अडीचशे पौंड आणि जॉन बुल पट्टा, असं बक्षीस. कुस्ती लागली आणि थोड्याच वेळात झिबिस्को गादीवर पालथा झाला. मग अडीच तासांहून जास्त वेळ गामा वर, हा खाली. निकालाशिवाय कुस्ती सोडवली. पुन्हा १७ तारखेला ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. इथं तात्या थांबायचे आणि म्हणायचे, "घोरपडीगत चिकटून बसला होता बग, पोरी." आम्ही हसायचो.

मोठी झाल्यावर मी या घोरपडीच्या मागे लागले.

त्याचं खरं नाव यान स्तानिस्लाव्ह त्सिगान्येविच. जन्म गॅलिशियातला. तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियानं तो आपसात वाटून घेतला होता आणि गॅलिशिया ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेला. कुस्तीसाठी त्यानं झ्बिश्को हे नाव घेतलं. पुढे धाकटा भाऊ व्लादेकही त्याच नावानं लढला. थोरला ज्या कुस्तीत तयार झाला ती ग्रीको-रोमन. नाव ग्रीस-रोमचं असलं तरी ही कुस्ती घडली एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. तिचा कायदा एका वाक्यात सांगता येतो: कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पाय डावात वापरायचे नाहीत. म्हणजे पट काढणं नाही, टांग नाही. आपल्या मल्लाला असं सांगितलं तर तो विचारेल, मग उरलं काय? उरते ती कव. छाती, खांदे, मान आणि प्रतिस्पर्ध्याला कमरेतून उचलून डोक्यावरून मागे टाकणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस, बर्लिन, पीटर्सबर्ग इथं या कुस्तीचे महिनामहिना चालणारे फड भरत. रशियाचा पोद्दुब्नी, एस्टोनियाचा लुरिख आणि हाकेनश्मिट, आणि हा आमचा झिबिस्को ही त्या फडांमधली मोठी नावं. आपल्याकडे ग्रीको आजही धाकटी पातीच राहिली. आशियाई कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत १९९३ साली पप्पू यादवनं सुवर्ण मिळवलं, त्यानंतरचं सुवर्ण थेट २०२० साली दिल्लीत सुनील कुमारचं.

आता ग्रीकोचा तो कायदा डोक्यात ठेवून लंडनची कुस्ती पुन्हा पाहा. ग्रीकोत खाली गेलेल्या मल्लाला परतवायचं तर त्याच्या पायात पाय अडकवता येत नाही. त्याला वरच्या अंगाच्या जोरावरच उचलावं किंवा उलटवावं लागतं. झिबिस्कोसारखं धूड पोट गादीला लावून, हात पसरून पडलं तर उचलणार कोण? म्हणजे पालथं पडणं ही त्याच्या घराण्यातली विद्या होती. लंडनची कुस्ती ग्रीको नव्हती, तिथं पाय धरायला मोकळीक होती. पण अंगात मुरलेलं अडचणीच्या वेळीच वर येतं.

आणि अडचण होती. त्याच वर्षी १ जूनला शिकागोत त्याची गाठ अमेरिकेच्या फ्रँक गॉचशी पडली होती. आदल्या वर्षी बफेलोत गॉचला तासभर झगडूनही याला पाडता आलं नव्हतं. शिकागोत झिबिस्को हातसलामीसाठी हात पुढे करून आला आणि गॉचनं सलामी घ्यायच्या ऐवजी सरळ खाली सूर मारून पट काढला. पहिली कुस्ती सहा-सात सेकंदांत संपली. ज्याच्या विद्येत पायांना कुणी हातच लावत नाही, त्याच्या पायावरच घाव आला. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी समोर गामा, ज्याची सारी विद्या मातीतली, पट आणि टांगेची. हा गडी भ्याला असेल तर भ्याला असेल, पण त्यानं गादीवर पोट टेकलं त्यात मला हिशेब दिसतो. १७ तारखेला न येण्याला मात्र माझ्याकडे सबब नाही.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मातीत पालथं पडणं गुन्हा न्हाई. आम्हीबी पडलोय. खाली बसलेल्याला चीत करायला डाव लागतोय. पर लोकं पैशे देऊन आलेली असत्यात, त्येंचं काय?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

तात्यांच्या गोष्टीत झिबिस्कोची तिसरी जागाही होती, ती ते क्वचित सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. ते गेल्यावर त्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहायला आले आणि जागेचं नाव गांधीनगर झालं. तात्या तेव्हा पोरसवदा, वडिलांबरोबर छावणीत दूध घालायला जायचे. एकदा त्यांचा भरलेला दंड चाचपून एका म्हाताऱ्या पोलिश गृहस्थानं विचारलं, कुस्ती? तात्यांनी मान हलवली. म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला, झ्बिश्को! तात्या आणि त्यांच्या बरोबरची पोरं ओरडली, गामा! गामा! आणि एकजण लगेच धुळीत पालथा पडून दाखवू लागला. म्हातारा हसला नाही. त्यानं त्या पोराला उठवलं, मागून त्याच्या कमरेला दोन्ही हातांचा वेढा दिला आणि सत्तरीच्या घरातला तो माणूस पोराला जमिनीपासून वीतभर उचलून धापा टाकत उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या दुधाला त्या बराकीत जास्त भाव मिळाला की कमी, हे मी विचारायची राहिले.

त्या म्हाताऱ्याच्या अभिमानाला आधार होता. झिबिस्को १९१० मध्ये संपला नाही. १९२१ च्या मे महिन्यात, चाळिशी ओलांडल्यावर, त्यानं न्यूयॉर्कमध्ये एड लुईसला हरवून जागतिक किताब घेतला आणि पुढच्या मार्चपर्यंत राखला. पण तोवर अमेरिकेतली कुस्ती बदलली होती. निकाल आधी ठरायचा आणि मल्ल फक्त तो निकाल रंगवायचे. आपल्याकडे तिला नुरा कुस्ती म्हणतात. झिबिस्को या बाबतीत काही सोवळा नव्हता. १९०८ मध्ये लंडनमध्ये त्याच्यासमोर उभा केलेला कारा सुलेमान नावाचा 'तुर्की' मल्ल प्रत्यक्षात त्याच्याच पदरचा बल्गेरियन निघाला, तेव्हा मोठा गवगवा झाला होता. पण १९२५ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात जे झालं ते नुरा कुस्तीच्या इतिहासातलं खास प्रकरण आहे. धंदेवाल्यांनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला विजेता करून ठेवलं होतं. दिसायला आडदांड, कुस्तीत कच्चा. झिबिस्कोनं त्याच्याकडून पडायचं, असा करार. हा आखाड्यात उतरला आणि पंचेचाळिशी उलटलेल्या या माणसानं त्या तरुण विजेत्याला खरंखुरं आपटायला सुरुवात केली. इतक्यांदा आपटलं की पंचाला चीत दिल्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही. पडद्यामागे त्यानं विरोधी टोळीशी सूत जमवलं होतं आणि दीड महिन्यात किताब त्या टोळीच्या जो स्टेकरच्या हवाली केला. म्हणजे धर्मयुद्ध वगैरे नव्हतंच. तरीही, ठरलेल्या कुस्त्यांच्या त्या बाजारात एका रात्री खरी कुस्ती झाली, आणि ती करणारा गडी जुन्या ग्रीको फडांतला होता.

तीन वर्षांनी पतियाळ्याच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी त्याला गामासमोर बोलावलं. जानेवारी १९२८. दोघांची पन्नाशी जवळ आलेली. या वेळी गादी नव्हती, माती होती. मातीत घाम शोषला जातो, पकड सुटत नाही, आणि मिनिटभराच्या आत झिबिस्कोच्या पाठीला माती लागली. आमच्या घरातली गोष्ट इथं संपायची.

त्याची मात्र संपली नाही. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं उत्क्रांतीवरच्या लेखात त्याचा फोटो गोरिलाच्या चित्राबरोबर छापला आणि खाली लिहिलं की शरीरानं या पैलवानात आणि गोरिलात मूलतः फरक नाही. झिबिस्कोनं अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९३० मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला. तो शिकलेला होता, अनेक भाषा बोलायचा. कोर्टात उभा राहणं त्याला जड गेलं नसावं.

आणि मग १९५० चा सिनेमा. ज्यूल्स डॅसिनचा 'नाइट अँड द सिटी'. कथा लंडनची. त्यात ग्रेगोरियस नावाचा म्हातारा ग्रीको-रोमन मल्ल आहे. त्याचा मुलगा नुरा कुस्त्यांचा धंदा करतो आणि बापाला त्याची लाज वाटते. शेवटी म्हातारा एका तमाशेवाईक पैलवानाशी खरी कुस्ती खेळतो, त्याला कवेत आवळून जिंकतो आणि त्या श्रमानंच मरतो. हा ग्रेगोरियस झिबिस्कोनं केला. सत्तरीचा झिबिस्को, ज्याच्या डोळ्यादेखत सारी कुस्ती तमाशा झाली आणि ज्यानं स्वतः त्या तमाशाचे पैसे घेतले होते. चाळीस वर्षांपूर्वी ज्या लंडननं त्याची हुर्यो उडवली, त्याच शहराच्या गोष्टीत त्याला अखेर खरी कुस्ती करायला मिळाली, आणि तीही पडद्यावर. १९६७ मध्ये मिसुरीत तो वारला.

तात्या थकले होते तेव्हा मी तो प्रसंग त्यांना लॅपटॉपवर दाखवला. आधी त्यांना लॅपटॉपचाच राग आला. मग ते पुढे सरकले. इंग्रजी संवाद त्यांनी ऐकले नाहीत, फक्त हात आणि कमरा पाहिल्या. कव पडली तेव्हा म्हणाले, "थांबीव. मागं घे." मी मागं घेतलं. "कोपर बग कुठं ठेवलंय त्येनं. हे कुणी शिकिवलेलं असतंय. वस्ताद कोण ह्येचा?"

"पित्लाशिन्स्की म्हणून एक होते तात्या. पोलंडमधले मोठे मल्ल."

"आन् ते तू मला आत्ता सांगत्याय? कोण कुठं पडला ते नंतर. आधी वस्ताद सांगायचा."

त्यांनी मला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लावली. बफेलो येईपर्यंत त्यांनी मला तीन-चारदा अडवलं, डावांची नावं चुकीची घेते म्हणून झापलं, आणि शिकागोच्या हातसलामीवर तर गॉचच्या सात पिढ्या उद्धरल्या.