खाण तशी माती?

आपल्या चिकोडी-निपाणी भागात एखादं पोर शाळेत चमकलं की लोक म्हणतात, “खाण तशी माती.” एखादं मागं राहिलं की तीच म्हण आईबापाच्या माथी मारतात. त्यातही आईच्या जास्त. मुलाची बुद्धी रक्तातून येते की घरादारातून, हा त्या म्हणीमागचा प्रश्न. तो प्रयोगशाळेतला वाटतो खरा, पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याच मुलखातल्या बोर्डिंगांत, शाळांत आणि तंबाखूच्या वखारींत त्याची परीक्षा झालेली आहे. ती कुणी परीक्षा म्हणून घेतली नाही, एवढंच.

आधी बाहेरचं थोडं पाहू. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ साली एक ग्रंथ लिहिला. नामांकित माणसांची घराणी तपासून त्याने निष्कर्ष काढला, की बुद्धी वंशानेच येते. आता ज्या घरात न्यायाधीश आजोबा, त्या घरात पुस्तकं होती, ओळखी होत्या, पोटभर अन्नही होतं. या गोष्टींचं वजन गाल्टनने फार कमी धरलं. आपल्याकडे असा ग्रंथ लिहायची गरजच पडली नाही. कुणी शिकावं आणि कुणी ढोरं राखावीत हे जन्मावरून आधीच ठरलेलं होतं, आणि त्यालाच लोक निसर्ग समजत होते.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला कोल्हापूरने. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला, त्यात आपलं जैन बोर्डिंगही होतं. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. त्या काळचा रुपया म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारा! रक्त तेच ठेवून भोवताल बदलला तर काय होतं, हे त्यातून दिसणार होतं.

त्याच जैन बोर्डिंगात कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, तेव्हा परत आल्यावर अंघोळ करा असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९१९ साली त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं. या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. शिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी एक दिसतं. वाढत्या मेंदूला भाकरी आधी लागते आणि पाटी नंतर, हे त्या बाईला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं.

आता अगदी घरचं उदाहरण घेऊ. चिकोडी तालुक्यातलं सदलगा, दूधगंगेच्या काठचं. तिथं १९०६ साली आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म झाला. बेळगावला हायस्कूल, पुढे कॉलेज, १९३० साली अर्धमागधी घेऊन मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात बत्तीस वर्षं अध्यापन. १९३५ साली त्यांनी संपादित केलेला कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ प्रसिद्ध झाला आणि प्राकृताच्या अभ्यासकांत त्यांचं नाव जगभर गेलं. १९६७ साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

लोक म्हणतील, उपाध्येच ते! पूजापाठ रक्तातच. पण थांबा. उपाध्ये घराणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रक्तच पुरेसं असतं तर असे विद्वान दर पिढीला गावोगाव निघाले असते. या पिढीला नवं काय मिळालं? हायस्कूल मिळालं, कॉलेज मिळालं, प्राकृत शिकवणारं विद्यापीठ मिळालं. उलट बाजूही खरी आहे. त्याच वर्गात बसलेली सगळीच पोरं काही उपाध्ये झाली नाहीत. म्हणजे जन्माने आणलेलं काहीतरी असतंच, पण त्याला दार सापडावं लागतं.

आणि बहिणींचं काय? सख्ख्या भावाबहिणींत सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात. एकाच आईचं दूध, एकच अंगण. पण त्या काळच्या आपल्या घरांत भाऊ बेळगावला गेला आणि बहीण चुलीपुढे बसली. चार-पाच वर्षांनी घरातलेच म्हणायचे, “पोरींना कुठं डोकं असतं?” सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहांसारख्या बायकांनी काम उभं केलं, तिथं ज्यांना निरुपयोगी ठरवलं होतं अशा स्त्रिया शिकल्या, शिकवू लागल्या. डोकं काही नव्यानं आलं नव्हतं.

याच सुमारास एक मराठी बाई हा प्रश्न थेट जर्मनीत सोडवत होती. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांहून वेगळी असते आणि तिचा बुद्धीच्या श्रेष्ठतेशी संबंध आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर अवलंबून नाही. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष द्यायचा, तोही परक्या देशात, पंचविशीच्या आत! पुढे फिशर यांचं वंशशास्त्र नाझींच्या कामी आलं. ‘रक्त’ हा शब्द किती दूर नेऊ शकतो, हे त्यावरून कळावं.

मग आजचं शास्त्र काय म्हणतं? माणसात सुमारे वीस हजार जनुकं आहेत आणि मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. एवढ्या पेशींची एकेक जोडणी जनुकांत लिहून ठेवणं शक्यच नाही. जनुकं मांडणी सांगतात, कुठली पेशी कधी तयार व्हायची, कुठं जायची ते सांगतात. जोडण्या घट्ट होतात त्या वापराने. बाळाशी बोललं, त्याच्याकडे बघून हसलं, त्याच्या हुंकाराला उत्तर दिलं, की त्या वाटा पक्क्या होतात. न वापरलेल्या वाटा मेंदू स्वतःच छाटतो. जन्मताना साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचा मेंदू दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ऐंशी टक्के होतो. हा सगळा काळ पोर आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर असतं, शाळेत नव्हे.

जनुकातला दोष म्हणजे ब्रह्मलिखित, असंही नाही. १९३४ साली नॉर्वेतल्या एका डॉक्टरने एका आईच्या दोन मतिमंद मुलांची लघवी तपासून फिनाइलकीटोन्युरिया हा आनुवंशिक आजार शोधला. यात अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठतो आणि मेंदू बिघडवतो. १९५० नंतर कळलं, की जन्मल्याबरोबर ओळखून तो घटक कमी असलेला आहार दिला तर मेंदूची हानी टळते. दोष शंभर टक्के जनुकातला, उपाय ताटातला.

ताटाचा विषय निघालाच आहे, तर तो आपल्या बायकांनी नीट ऐकावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. पुढे मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा दिसलं, की ज्यांच्या आईत बी-१२ फार कमी होतं, ती मुलं लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेलं ध्यानात ठेवण्यात मागं पडत होती. हे जीवनसत्त्व भाजीत, डाळीत नसतं. आपण शाकाहारी. आपल्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळायचं. आणि घरातलं दूध आधी कुणाला? पुरुषांना, पोरांना, डेअरीला. सून शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते, वर उपास. धर्म कुठेही गरोदर बाईला उपाशी ठेवा म्हणत नाही. डॉक्टरला विचारून रक्त तपासावं, गोळी लागली तर घ्यावी. शाकाहार सोडायची गरज नाही, सुनेचं ताट आधी वाढायची आहे.

निपाणीचं दुःख वेगळंच. तंबाखूच्या वखारीत बायका दिवसभर त्या धुळीत बसल्या. त्यांच्या लढ्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ नावाचा माहितीपट निघाला. निकोटिन नाळेतून गर्भापर्यंत पोचतं आणि घडत असलेल्या मेंदूत ढवळाढवळ करतं, हे आता पक्कं आहे. मग अशा बाईचं पोर शाळेत मागं पडलं तर “आई अडाणी, पोर अडाणी” म्हणणाऱ्याला काय म्हणावं? खाण तपासायची तर वखारीचीही तपासा की.

सीमाभागात आणखी एक काळजी ऐकू येते. घरी मराठी, शाळेत कानडी, पोराचं डोकं गोंधळेल. तसं होत नाही. सुरुवातीला एकेका भाषेतले शब्द थोडे कमी वाटतात, पण दोन्ही मिळून मोजले तर पोर मागं नसतं. सदलग्याचं उदाहरण वर दिलंच आहे. आपली आजी बाजारात दोन्ही भाषांत भाव करत होती, तिला कुणी गोंधळलेली म्हटलं नाही.

स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना उपादान आणि निमित्त हे शब्द नवे नाहीत. घडा मातीचाच होतो, हे उपादान. पण कुंभार, चाक आणि भट्टी हे निमित्त नसेल तर माती मातीच राहते. जनुकं आणि भोवताल यांचं नातं समजायला मला हे जुने शब्द सोपे वाटतात. माती आपल्या हातात नाही. जे हातात आहे ते फार मोठं नाही, पण रोजचं आहे. गरोदर सुनेला वाटीभर दही, मिठात आयोडीन, तंबाखूच्या धुळीपासून दूर बसायला जागा, तान्ह्याशी बोलायला कुणीतरी मोकळं माणूस, आणि भावाबरोबर बहिणीच्याही नावानं शाळेची फी. एवढं करून पोर सामान्य निघालं तर निघू दे. तेही आपलंच आहे, आणि त्याच्या आईला बोल लावायचं कारण नाही.