सॅमन बायकॅचचा जनुकीय मागोवा

दुसऱ्याच माशासाठी ओढलेल्या ट्रॉल जाळ्यात नको असताना सापडलेले सॅमन मूळचे कोणत्या नद्यांचे, हे त्यांच्या डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. जाळ्यात अशी आगंतुक आलेली मासळी म्हणजे बायकॅच. ही पद्धत सर्वांत नेटाने राबवली जाते, आणि तिच्यावरून सर्वाधिक भांडणेही होतात, ती अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात.

तिथली पोलॉक या माशाची मासेमारी वजनाच्या हिशेबाने अमेरिकेतील सर्वांत मोठी; वर्षाला दहा लाख टनांहून अधिक मासा निघतो. तो फिलेट, फिश स्टिक आणि सुरिमी (माशाचा धुतलेला लगदा) यांत जातो. (रत्नागिरीत राणी माशापासून सुरिमी बनते, तोच हा प्रकार.) पोलॉकच्या थव्यांच्या आसपासच चिनूक आणि चम या जातींचे सॅमन चरत असतात आणि त्याच जाळ्यात येतात. ते विकायला कायद्याने बंदी आहे. फार तर अन्नदानासाठी देता येतात. बोटींवर सरकारमान्य निरीक्षक असतात आणि प्रत्येक सॅमन मोजला जातो. २००५ मध्ये सुमारे सात लाख चम सापडले, २००७ मध्ये सुमारे १ लाख २२ हजार चिनूक. दोन्ही उच्चांकच. पण सापडलेला चम अलास्कातल्या युकॉन नदीचा की जपानच्या होक्काइडो बेटावरचा, हे नुसते पाहून खलाशालाच काय, तज्ज्ञालाही सांगता येत नाही.

सॅमन समुद्रात काही वर्षे वाढून जन्माच्या नदीत परततो आणि तिथेच अंडी घालतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालल्याने नदीनदीच्या माशांत बारीक जनुकीय फरक साठत जातात. सारी पद्धत या एका सवयीवर उभी आहे. पूर्वीपासून संवर्धन केंद्रातल्या पिल्लांच्या नाकाडात सांकेतिक खुणांची बारीक तार बसवतात, पण नदीतल्या रानटी पिल्लांपर्यंत हा उपाय फारसा पोचत नाही. १९८०च्या दशकात प्रथिनांतले फरक तपासणे सुरू झाले, मग मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, आले, आणि आता एसएनपी, म्हणजे डीएनएच्या साखळीत एकाच अक्षराचा बदल असलेल्या जागा, वापरतात. बेरिंग समुद्रातल्या चिनूकसाठी वर्षानुवर्षे अशा ४३ जागा तपासल्या गेल्या.

माशाच्या डीएनएत पेडणेकर-वेंगुर्लेकरांसारखे गाव लिहिलेले नसते. एकच अक्षर दहा नद्यांत आढळते, फक्त कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून आधी अंडी घालायला आलेल्या माशांचे नमुने नदीनदीतून घेऊन संदर्भसंच तयार करतात आणि जाळ्यातल्या मिश्र साठ्यात कोणत्या गटाचा वाटा किती, याचा संख्याशास्त्रीय अंदाज काढतात. उत्तर टक्क्यांत येते, आणि सोबत कमीअधिकाची कक्षा असते. बातम्यांत ही कक्षा सहसा गळून पडते.

२०११पर्यंत नमुने सवडीप्रमाणे घेतले जात, त्यामुळे काही बोटी व काही आठवडे यांचेच वजन वाढे. त्या वर्षीपासून दर दहाव्या चिनूकचा आणि दर तिसाव्या चमचा नमुना घेण्याचा नियम आहे. पराजवळचा लहानसा तुकडा ऊतकासाठी, खवले वयासाठी. विश्लेषण अलास्कातल्या जुनो शहराजवळच्या ऑके बे प्रयोगशाळेत होते. ही संस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेची.

निष्कर्ष दोन्ही जातींबाबत वेगळे निघाले. चिनूकपैकी अनेक वर्षी निम्म्याच्या आसपास मासे पश्चिम अलास्काच्या किनारी नद्यांचे ठरले. चमचे चित्र उलटे: बहुसंख्य मासे आशियाई, त्यांतले अनेक जपान व रशियाच्या संवर्धन केंद्रांत जन्मलेले. २०२१ मध्ये सुमारे साडेपाच लाख चम जाळ्यात आले. त्यांत पश्चिम अलास्का आणि युकॉनचा वाटा दहा टक्क्यांच्या आत होता. त्याच वर्षी युकॉनमध्ये चमचा हंगाम कोसळला आणि काठावरच्या युपिक व अथाबास्कन गावांना घरच्या खाण्यापुरतीही मासेमारी बंद झाली. ट्रॉलर कंपन्यांनी ‘दहा टक्क्यांहून कमी’ यावर बोट ठेवले. गावांनी हिशेब मांडला तो पन्नास हजारांच्या घरातल्या माशांचा, आम्ही एकही धरत नसताना. आकडा एकच आणि दोन्ही वाचने बरोबर. या घसरणीत समुद्रातील उष्णलाटांचा वाटा मोठा असल्याचे संशोधक मानतात, मात्र त्यामुळे गावांच्या तक्रारीतली धार बोथट होत नाही.

पद्धतीची खरी मर्यादा अशी की, जिथे उत्तराची सर्वाधिक गरज, तिथेच ती आखडते. कस्कोक्विम नदी, युकॉनचा खालचा भाग, नॉर्टन साउंड आणि ब्रिस्टल बे इथले मासे जनुकीयदृष्ट्या इतके जवळचे आहेत की बराच काळ त्यांना ‘किनारी पश्चिम अलास्का’ या एकाच गटात टाकावे लागले. मधला व वरचा युकॉन तेवढा वेगळा ओळखू येतो. कॅनडाशी युकॉनच्या सॅमनबाबत करार आहे, त्यासाठी हे कामाचे. आपल्याच नदीचे किती गेले असे विचारणाऱ्या कस्कोक्विमच्या गावकऱ्याला मात्र त्याने समाधान मिळत नाही. शिवाय जाळ्यातला प्रत्येक मासा नदीत परतलाच असता असे नाही. म्हणून वय आणि नैसर्गिक मृत्यू धरून, किती प्रौढ मासे परतले असते, याची वेगळी गणना करतात.

धोरणात पोलॉक ताफ्यावर २०११पासून ६० हजार चिनूकची कमाल मर्यादा आली. २०१६च्या दुरुस्तीने, पश्चिम अलास्कातल्या ठरावीक तीन नद्यांत परत आलेल्या माशांची बेरीज अडीच लाखांच्या खाली असेल तर ती ४५ हजारांवर येते. नमुन्यांतून माशांचे मूळ ऋतू व क्षेत्रानुसार बदलते हेही दिसले, त्यामुळे सरसकट बंदीऐवजी ठरावीक भाग ठरावीक काळ टाळण्याचा विचार शक्य झाला. अलास्काच्या आखातात चित्र आणखी निराळे: तिथल्या पोलॉक जाळ्यांतले चिनूक मुख्यतः ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन व ओरेगॉनकडचे निघतात. तिथली मर्यादा २५ हजारांची आहे. वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या हेक मासेमारीतही हीच तपासणी होते, कारण तिथल्या काही चिनूक गटांना संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचे संरक्षण आहे.