तक्रार आणि भरवसा : मराठी ख्रिस्ती दुःखविचाराची प्रस्तावना

बोरीत किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात घरातले माणूस गेले की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी-पिठले आणून देतात. भेटायला येणाऱ्या बाया गल्लीच्या तोंडापासूनच गेलेल्याचे गुण काढून रडू लागतात. मग कोणीतरी समजुतीचे बोलते. ख्रिस्ती घर असेल तर ते बोलणे बहुधा एकच असते : प्रभूची इच्छा. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते, आणि ते ऐकल्यावर नुकत्याच विधवा झालेल्या बाईला आपले रडणे म्हणजे विश्वासातली खोट वाटू लागते. दुःखात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, याच्या अभ्यासाकडे येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना मला पहिल्यांदा हे सांगावेसे वाटते की, पवित्र शास्त्राला एवढी घाई नाही.

ईयोबाचेच पाहा. देणारा तोच आणि नेणाराही तोच, या आशयाचे त्याचे उद्गार अंत्यविधीच्या उपदेशात हमखास येतात. ते पहिल्या अध्यायातले आहेत. पुस्तक मात्र 42 अध्यायांचे आहे, आणि तिसऱ्याच अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. त्यांच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम तेवढेच. पुढे त्यांनी तोंड उघडले, दुःखाची कारणे सांगितली, देवाची बाजू मांडली; आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. वाद घालणारा ईयोब देवाविषयी बरोबर बोलला, असा निवाडा खुद्द देवाने दिला. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने हा निवाडा पक्का ध्यानात ठेवावा.

विलापगीताची रचना तर अभ्यासकाने बोट ठेवून पाहावी अशी आहे. इ. स. पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडले, त्या नाशावरचे हे पाच अध्याय. त्यांतले पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणजे 66 वचने. आक्रोश एवढ्या शिस्तीत बसवणाऱ्याला तो लोकांनी पाठ करावा, पिढ्यान्‌पिढ्या म्हणावा असे वाटत असले पाहिजे. स्तोत्रसंहितेतही तक्रारीची स्तोत्रे भरपूर आहेत. बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. 88 वे वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले, आणि माझ्या मते भरवशाचा याहून मोठा पुरावा नाही : बोलणाऱ्याला उत्तर मिळालेले नाही, तरी तो बोलतो आहे देवाशीच. लाजराच्या कबरेपाशी रडणारा आणि गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून विनवणारा येशू याच परंपरेतला आहे.

मराठीत हा विचार ज्यांनी जगून दाखवला त्यांत पंडिता रमाबाई (1858–1922) पहिल्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकापाठोपाठ गेली. आईला स्मशानात न्यायला माणसे पुरेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, त्यांच्या जोडीला भाऊ आणि रमाबाई. उंची कमी, म्हणून रमाबाईंनी तिरडीचा आपल्याकडचा भार डोक्यावर घेतला. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणणाऱ्या या बाईंना भूक म्हणजे काय हे कोणी सांगावे लागले नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि वर्षाच्या आत रमाबाईही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले त्यांचे मराठी बायबल त्यांच्या मागे छापून निघाले. ईयोब आणि विलापगीत मराठीत आणणाऱ्या लेखणीने इतकी मरणे पाहिली होती, हे ते भाषांतर वाचताना विसरू नये.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पती जिवंत असून संसार मोडला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी तो संताप, ती वेडाच्या काठावरची अवस्था कुठेही झाकलेली नाही. 1900 मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण आधीचा राग त्यांनी मागाहून पुसून टाकला नाही. धर्मशास्त्र शिकणाऱ्यांना मी हे पुस्तक ललित वाङ्मय म्हणून बाजूला ठेवू देणार नाही. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.

मराठवाड्याचा धागा मात्र फार विरळ आहे. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या हुकमाने घरच्यांकडे परत गेला. घर असे दुरावलेल्या शेषाद्रींनी पुढे निजामी मुलखात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथल्या मंडळीत मातंग समाजातले पुष्कळ जण होते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई लिहू शकत होत्या. बेथेलच्या या लोकांनी आपली पोरे पुरताना देवाला काय विचारले, ते छापील पुस्तकांत जवळजवळ सापडत नाही. म्हणून हा अभ्यास ग्रंथालयात पुरा होणार नाही. बोरी, जिंतूर, सेलू, परभणी या भागात कोणाच्या घरी जुनी भजनांची वही, मंडळीची दफनाची नोंदवही किंवा आजीच्या प्रार्थना उतरवून घेतलेला कागद असेल, तर तो रद्दीत घालू नका. त्याची एक प्रत काढा, माहीत असेल ते नाव आणि साल त्यावर लिहा, आणि या विषयाच्या पुढच्या अभ्यासकाला तो दाखवा.