माती परीक्षण : उपलब्ध नत्र

पिकाला हंगामभरात जमिनीकडून किती नत्र (नायट्रोजन) मिळू शकेल, याचा अंदाज बांधण्यासाठी केलेले मातीचे रासायनिक किंवा जैविक परीक्षण. त्यावरून खताची मात्रा ठरवतात. स्फुरद व पालाश यांच्यापेक्षा नत्राचा अंदाज अवघड असतो. कारण नत्राचा पुरवठा मुख्यतः सूक्ष्मजीवांच्या हाती असतो आणि त्यांचे काम ओल, हवा व तापमान यांनुसार कमीजास्त होते.

नत्राची रूपे : जमिनीतील बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थांत बांधलेला असतो; मुळे तो प्रामुख्याने अमोनियम व नायट्रेट या रूपांत शोषतात. सेंद्रिय नत्रापासून अमोनियम तयार होण्याच्या क्रियेला खनिजीकरण म्हणतात. पुढे जिवाणू अमोनियमचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही. जोराच्या पावसात ते निचऱ्याबरोबर खाली जाते आणि पाणी साचलेल्या जमिनीत वायुरूप होऊन निघून जाते. उसाच्या पाचटासारखे, कर्ब भरपूर पण नत्र कमी असलेले अवशेष गाडले, तर ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नत्र आधी स्वतःसाठी वापरतात आणि पिकाला काही काळ तो कमी पडतो.

पद्धती : एकूण नत्र मोजण्याची पद्धत डॅनिश रसायनज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. परंतु एकूण साठ्यावरून हंगामातला पुरवठा कळत नाही. भारतात बी. व्ही. सुब्बय्या आणि जी. एल. असिजा यांची १९५६ मधील अल्कधर्मी परमँगनेट पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तीत २० ग्रॅम माती ०.३२ टक्के पोटॅशियम परमँगनेट व २.५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या द्रावणांसह तापवतात. सहज विघटन होणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतून सुटणारा अमोनिया बोरिक आम्लात धरून अनुमापनाने मोजतात. मातीतील नायट्रेट या मोजणीत येत नाही. अनेक प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धतीने (१९३४) सेंद्रिय कर्ब काढून त्यावरूनच नत्राचा वर्ग ठरवतात.

अमेरिकेत स्टॅनफर्ड व स्मिथ यांनी १९७२ मध्ये माती ३५ अंश सेल्सिअसला ३० आठवडे ठेवून खनिजीकरणाची क्षमता मोजली. संशोधनासाठी ही पद्धत मोलाची आहे, पण पेरणीच्या घाईत एवढा वेळ नसतो. व्हरमाँटमध्ये फ्रेड मॅग्डॉफ यांनी १९८४ मध्ये मक्यासाठी वेगळी वाट काढली. पीक सुमारे ३० सेंमी. उंच झाल्यावर वरच्या ३० सेंमी. थरातील नायट्रेट मोजायचे आणि ते सुमारे २५ भाग प्रति दशलक्षच्या वर असेल, तर वरखत द्यायचे नाही. जर्मनीत वसंताच्या आरंभी ९० सेंमी. खोलीपर्यंतचा खनिज नत्र मोजून खत ठरवण्याची पद्धत रुजली.

अर्थनिर्णय : परमँगनेट पद्धतीनुसार हेक्टरी २८० किग्रॅ.पेक्षा कमी नत्र असल्यास जमीन कमी, २८० ते ५६० असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास जास्त या वर्गात मोडते. सेंद्रिय कर्बासाठी या सीमा ०.५ व ०.७५ टक्के आहेत. कमी वर्गाला शिफारशीपेक्षा साधारण २५ टक्के अधिक, तर जास्त वर्गाला तेवढेच कमी नत्रखत सुचवण्याची प्रथा आहे.

या आकड्याला पिकाच्या पदरात पडणारा नत्र समजणे चूक आहे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आणि कर्ब-नत्र गुणोत्तर १०:१ असेल, तर एकूण नत्र ०.०५ टक्के येतो. हेक्टरी १५ सेंमी. थराचे वजन २२.४ लाख किग्रॅ. धरल्यास हा साठा ११२० किग्रॅ. भरतो. त्याचे वर्षाला २ टक्के खनिजीकरण झाले, तर सुमारे २२ किग्रॅ. नत्र मोकळा होतो. म्हणजे अहवालातील आकडा हा निर्देशांक आहे. शेतावरील प्रयोगांत पिकाने खताला दिलेल्या प्रतिसादाशी तो पडताळला, तरच त्याला अर्थ येतो. बी. राममूर्ती यांनी १९६० च्या दशकात भारतात हाच पाया घेऊन अपेक्षित उत्पादनानुसार खतमात्रा काढण्याची समीकरणे विकसित केली. एक क्विंटल उत्पादनाला लागणारा नत्र, जमिनीचा वाटा व खताचा वाटा यांवर ती उभी असतात. त्यासाठीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचाही सहभाग आहे.

नमुना व मर्यादा : बांध, विहीर, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा आणि नुकतेच खत दिलेले वाफे टाळून, शेतात नागमोडी फिरत अनेक ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेतात. हंगामी पिकांसाठी १५ ते २० सेंमी. खोलीपर्यंतच्या कडेची माती एकत्र करतात. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकतात आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहतात. ओली माती सावलीत वाळवतात. नायट्रेट मोजायचे असल्यास मात्र नमुना थंड ठेवून लगेच पाठवावा लागतो किंवा ताबडतोब वाळवावा लागतो. ओल्या पिशवीत खनिजीकरण चालूच राहते.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा घटकांमध्ये नत्राचा समावेश आहे. पत्रिकेवरील नत्राचा आकडा आधीचे पीक, दिलेले शेणखत, कडधान्याचा फेरपालट व पावसाचा कल यांच्यासह वाचावा. नत्राची पूर्ण मात्रा पेरणीलाच न देता हप्त्यांत विभागली, तर परीक्षणाच्या अंदाजातील चूक पीक उभे असतानाच दुरुस्त करता येते. भातासाठी पानांच्या रंगाचा तक्ता या कामी उपयोगी पडतो.